‘प’चा खण

धुळ्याच्या जतनबाई धर्मार्थ दवाखान्यात जुना कागद सापडायला किती वेळ लागतो, हे चौऱ्याहत्तर सालापर्यंत कोणी मोजलं नव्हतं. मोजायची गरजच कोणाला पडली नव्हती. खिडकीशी जायचं, गाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, आणि माणूस उपरण्याने घाम पुसतोय तोवर द्रौपदाबाईने कागद पुढे ठेवलेला असायचा. कागद म्हणजे केसपेपर. आधी काय दुखणं होतं, कशाने बरं वाटलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणतं औषध अंगावर उलटलं होतं, ते सगळं त्यावर. डॉक्टर दर वर्षी बदलायचे, रोगी औषधाचं नाव विसरायचे, कागदावर मात्र सगळं राहायचं.

द्रौपदाबाई बुद्धविहारामागच्या गल्लीतली पहिली मॅट्रिक. नवरा गेल्यावर दोन मुलींना पदरात घेऊन तिने ही नोकरी धरली, त्याला चौदा वर्षं होत आली होती. एवढ्या वर्षांत कागदांची खोली तिने आपल्या डोक्याने लावून घेतली होती. एक भिंत साक्री रस्त्याच्या गावांची, एक पारोळा रस्त्याची, एक शिरपूरकडची, आणि खिडकीजवळची मांडणी नरडाण्याच्या बाजूची. मांडणीत गाव, गावात बाप, बापाखाली त्याची लेकरं. पोरीचं लग्न झालं तरी तिचा कागद माहेरच्या गावातून हलत नसे. का हलवायचा? बाळंतपणाला पोर माहेरी येणार, आखाजीला येणार, आजारी पडली की आईच्याच दारी येणार. कागद सासरी पाठवून काय करायचं होतं?

आणि खुर्चीच्या उजव्या हाताला चहाच्या पेटीचा एक खोका. त्यात दोनच तऱ्हेचे कागद. गेल्या पंधरा दिवसांत येऊन गेलेल्यांचे, कारण तेच पुन्हा येतात. आणि ज्यांच्या जिवाला एखादं औषध धोक्याचं आहे त्यांचे, कोपऱ्याला लाल दोरा बांधलेले. मांडणीकडे वळण्याआधी तिचा हात आधी त्या खोक्यात जायचा, आणि दहातल्या सहा वेळा काम तिथेच व्हायचं.

यात कोणाला वावगं दिसावं असं काय होतं, सांगा बरं. पण सुरेशचंदला दिसलं. सुरेशचंद हा भिकमचंद शेठचा धाकटा मुलगा. शेठची सरकी-पेंडीची पेढी, आणि दवाखाना त्यांनी आईच्या नावाने काढलेला. पोरगा शिकून मुंबईला गेला होता आणि एका बड्या कचेरीत कॉम्प्युटर नावाच्या यंत्रावर काम करत होता. धुळ्यात ते यंत्र कोणी बघितलेलं नव्हतं, त्यामुळे तो जे सांगेल त्यावर मान डोलवण्यापलीकडे कोणाच्या हातात काही नव्हतं.

खोटं कशाला बोला, त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. फेब्रुवारीत द्रौपदाबाईला टायफॉईड झाला आणि ती नऊ दिवस घरी पडून होती. त्या नऊ दिवसांत दवाखान्याला एकही जुना कागद सापडला नाही. कंपाउंडर झिपरू बिचारा घामाघूम व्हायचा, मांडण्या उचकायचा, आणि शेवटी हात हलवत परत यायचा. कोणतं गाव कोणत्या रस्त्यावर आणि कोणाचा बाप कोण, हे सगळं बाईच्या डोक्यात, आणि डोकं तापाने फणफणलेलं. सुरेशचंद तेव्हा मुंबईहून आला होता. दवाखाना एका बाईच्या आठवणीवर चालतो हे बघून तो हादरलाच.

बाई बरी होऊन आल्यावर तो तिच्याशी नीट बोलला. वागायला पोरगा गोड होता, अकड नव्हती. चहा पिता पिता त्याने तिला आपल्या यंत्राची गोष्ट सांगितली. यंत्राची सगळी माहिती म्हणे धातूच्या तबकड्यांवर असते. जेवणाच्या थाळ्या थोडं थोडं अंतर सोडून एकावर एक रचाव्यात, तशा त्या तबकड्या. त्या गरगर फिरतात आणि एक हात पुढे-मागे सरकत हवी ती माहिती उचलतो. त्याला डिस्क म्हणायचं. त्यांच्या कचेरीला दोन तऱ्हेच्या डिस्क मिळत होत्या. एक लहान आणि महाग, तिचा हात हलतच नसे, प्रत्येक रेघेवर एक हात कायमचा बसवलेला. दुसरी मोठी आणि स्वस्त, पण तिचा एकुलता एक हात इकडून तिकडे हिंडत बसायचा. साहेबांनी मोठी घेतली. वर यंत्राला क्षणोक्षणी लागणाऱ्या त्याच्या स्वतःच्या सूचनाही तिच्यावरच नेऊन टाकल्या. झालं! सेकंदाला हजारो आकडेमोडी करणारं यंत्र त्या हाताची वाट बघत ढिम्म बसून राहायला लागलं. बाहेरच्याला वाटायचं यंत्र मंद आहे. यंत्र कसलं मंद? त्याला लागणारी चीज लांब ठेवलेली होती.

“म्हणजे रोजचं लागणारं हाताशी नाही ठेवलं,” द्रौपदाबाई म्हणाली. “असंच ना, सुरेशभाऊ?”

सुरेशचंदने कप खाली ठेवला आणि खुशीने मांडीवर थाप मारली. आमच्या साहेबांना हे समजायला तीन महिने लागले, तुम्हाला एका कपात समजलं, असं तो म्हणाला. आता बघा, हे बोलणारा माणूस आणि पुढच्याच महिन्यात तिचा खोका रिकामा करणारा माणूस, एकच.

मार्चमध्ये जळगावहून लोखंडी कपाटं आली. तीस खण, प्रत्येक खणावर एक अक्षर. आडनावाच्या पहिल्या अक्षराने खण ठरायचा, खणात मग नावाचा क्रम लागायचा. बाईचा कागद लग्नानंतर नवऱ्याच्या आडनावाखाली जायचा. गाव कोणाला विचारायचं नाही, त्यात वेळ जातो आणि बोलणं लांबतं. छापील चिठ्ठीवर आडनाव, नाव, वय एवढंच. अक्षर वाचता येणारा कोणीही कागद काढू शकेल, बाई आजारी पडली तरी दवाखाना अडणार नाही. खोक्यातले लाल दोऱ्याचे त्रेचाळीस कागदही आपापल्या खणात गेले. एक वेगळा ढीग ठेवला की शिस्त मोडते, असं त्याचं म्हणणं पडलं. ज्यांची लग्नं झाल्याचं कळलेलं नव्हतं, त्या पोरींचे कागद जुन्याच नावाने खणांत गेले. दुसरं काय करणार होते?

द्रौपदाबाईने हरकत घेतली, नाही असं नाही. ती म्हणाली, भाऊ, आपल्याकडे आडनावं आहेत किती? निम्मा जिल्हा पाटील. सुरेशचंद म्हणाला, मग ‘प’ला तीन खण देऊ. ती म्हणाली, तीन पुरणार नाहीत. तो म्हणाला, उरलेले जिन्याखालच्या कपाटात ठेवू. ‘ढ’च्या खणात मात्र ढोल्यांच्या घरचे चार कागद ऐसपैस लोळत पडले होते.

मग त्याने चाचणी घेतली. सगळे डॉक्टर जमले, भिकमचंद शेठ स्वतः खुर्ची टाकून बसले. सुरेशचंदने प्रत्येक खणातून दोन-दोन नावं काढून साठ चिठ्ठ्या केल्या आणि हातात घड्याळ धरून एकेक नाव पुकारलं. नव्या कपाटातून झिपरूने सरासरी चाळीस सेकंदांत कागद काढला. बाईला जुन्या पद्धतीने हाच खेळ आधी खेळायला लावला होता, तेव्हा तिला दीड मिनिट लागलं होतं. का नाही लागणार? तो नुसतं नाव-आडनाव पुकारायचा. तिने गाव विचारलं की म्हणायचा, गाव नाही सांगायचं, सगळ्यांना नियम सारखा. शेठनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना पेढे मिळाले. द्रौपदाबाईने आपल्या वाटचा पेढा घरी मुलींसाठी नेला आणि वाद घालायचं सोडून दिलं. चौदा वर्षांची नोकरी होती आणि शेठच्या पोराशी किती भांडायचं यालाही मर्यादा होती.

शेवटचा नियम त्याने जाता जाता घातला. कागद दहा मिनिटांत सापडला नाही तर तो नाहीच असं धरायचं, ‘नवीन’ अशी चिठ्ठी लिहून वॉर्डात पाठवायची. डॉक्टरांना ताटकळत ठेवायचं नाही.

एप्रिल आला. जयंतीची मिरवणूक झाली, निळे झेंडे अजून गल्लीत फडफडत होते, आणि दहा दिवसांनी आखाजी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या सासुरवाशिणींचा सण. त्या आठवड्यात प्रत्येक एस.टी.तून पोरी माहेरी उतरतात, झाडाझाडाला झोके बांधलेले असतात, घराघरात पुरण शिजतं. आणि उन्हात, धुळीत, गर्दीत प्रवास करून पोरी आजारीही पडतात. आखाजीच्या आदल्या दिवशी दवाखान्याची ओळ फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती. सुरेशचंदही सणाला आला होता, आणि आपली पद्धत गर्दीत कशी चालते ते बघायला दुपारी येणार होता.

साडेदहाच्या सुमाराला एक तरुण बायकोला जवळजवळ उचलूनच घेऊन आला. तोताराम पाटील, जळगावजवळच्या मेहरूणचा. लग्नाला दहा महिने झालेले, बायकोची पहिली आखाजी, तिला माहेरी पोचवायला निघालेला. चार दिवसांपूर्वी तिच्या तळपायात खिळा घुसला होता. घरच्यांनी हळद भरली आणि विसरून गेले. धुळ्याला गाडी बदलायला उतरली तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, अंगात एकशेचार ताप, आणि बोलणं भरकटलेलं. झिपरूने तिला तशीच वॉर्डात नेलं. तोताराम खिडकीशी चिठ्ठी करायला थांबला.

नाव विचारलं तर तो गडबडला. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची त्याला सवय नव्हती. मागे ओळीतली माणसं ओरडायला लागली तेव्हा कसाबसा म्हणाला, शेवंताबाई. शेवंताबाई तोताराम पाटील. वय अठरा. या दवाखान्यात आधी आली होती का, तर त्याला ठाऊक नव्हतं.

द्रौपदाबाईच्या जिभेवर ‘गाव’ आलं होतं. चिठ्ठीवर गावाला जागा नव्हती, ओळीत पन्नास माणसं होती, आणि तिला दोनदा बजावलेलं होतं. तिने गाव विचारलं नाही. पुढे आयुष्यभर तिला एवढी एक गोष्ट आठवत राहिली, की शब्द तोंडात होता आणि तिने तो गिळला.

‘प’चा पहिला खण उघडला. खण इतका ठासून भरलेला की बोट शिरेना. त्या दिवशी सकाळपासून आलेले निम्म्याहून जास्त लोक याच तीन खणांतले होते, त्यामुळे आधीचे काढलेले कागद वर आडवेतिडवे पडलेले, क्रम विस्कटलेला. बाकीचे सत्तावीस खण गप्प होते. ‘श’पर्यंत पोचायला चार मिनिटं गेली. शेवंताबाई पाटील एकूण एकोणीस निघाल्या. त्यात नवरा तोताराम असलेल्या दोन. एक पंचावन्न वर्षांची, दुसरीच्या कागदावर मृत असा शिक्का. मग जिन्याखालचं कपाट. त्याची किल्ली वॉर्डातल्या नर्सकडे, नर्स ड्रेसिंगमध्ये. किल्ली आणली, तिथले कागद चाळले, तिथेही नाही. परत येताना तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दहा मिनिटं होऊन वर एक झालं होतं. वॉर्डातून डॉक्टरांचा दुसऱ्यांदा निरोप आला, की कागद आहे का नाही ते सांगा, मी थांबलोय.

तिने चिठ्ठी घेतली आणि आपल्या हाताने लिहिलं, नवीन.

चिठ्ठी गेली आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. तो पाटीलच होता. त्याच्या मागून तोताराम पुन्हा डोकावला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, नरडाण्याकडे कोणी जाणारं असेल का हो? सासऱ्यांना निरोप द्यायचा होता. चिंधा पाटील म्हणून आहेत.”

ओळीतला एक जण म्हणाला, मी चाललोय तिकडेच, सांगतो त्यांना पोरीला जतनबाई दवाखान्यात आणलंय म्हणून. आणि तो निघालाही. द्रौपदाबाईच्या कानावर हे काही पडलं नाही. चिंधा पाटील एवढंच पडलं आणि तिने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

चिंधा पाटलाची पोर. नरडाण्याची मांडणी, खालून दुसरी फळी. सात वर्षांपूर्वी कान फुटला म्हणून आणलेली अकरा वर्षांची पोर, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि डोळ्यांदेखत तिचे ओठ काळेनिळे पडले होते. मोठ्या डॉक्टरांनी दोन तास झुंजून तिला परत आणलं होतं. तेव्हा लाल दोरा द्रौपदाबाईनेच बांधला होता. पण त्या पोरीचं नाव शेवंता नव्हतं.

“तिचं माहेरचं नाव काय?” तिने विचारलं.

“ताईबाई,” तोताराम म्हणाला. “लग्नात आम्ही बदललं.”

द्रौपदाबाई पळाली. दौत लवंडली, खुर्ची पडली, ओळीतली माणसं काय झालं काय झालं म्हणत बाजूला झाली. कागद शोधायचा विचारही तिने केला नाही, कागद आता कशाला हवा होता? वॉर्ड चाळीस पावलांवर. एवढ्या वर्षांत ती त्या बोळातून कधी धावली नव्हती. देऊ नका, देऊ नका, असं ती म्हणत होती, पण दम लागून आवाजच फुटत नव्हता.

नर्सच्या ट्रेमध्ये रिकामी सिरिंज पडली होती.

डॉक्टर तरुण होते, वर्षभरासाठी आलेले. चिठ्ठीवर ‘नवीन’ बघून, ताप बघून, दारातली गर्दी बघून त्यांनी आधी थोडंसं टोचून बघायची पायरीही सोडून दिली होती. द्रौपदाबाईने पेनिसिलिन एवढा एकच शब्द उच्चारला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. खाटेवरची पोर तेवढ्यात शुद्धीत आल्यासारखी झाली होती. हाताला खाज सुटलीय, म्हणाली. मग गळ्याला हात लावला. मग तिचा चेहरा सुजायला लागला, बघता बघता, जणू दुसरीच कोणी तिथे झोपलीय. डॉक्टरांनी मागवलं ते इंजेक्शन नर्सने धावत आणलं, एक दिलं, दुसरं दिलं, छाती दाबली. द्रौपदाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. पोर एकदा आपल्याकडे बघतेय असं तिला वाटलं. ओळख पटली की नाही कोण जाणे.

अकरा वाजून बारा मिनिटांनी डॉक्टरांनी हात थांबवले.

काय म्हणावं याला? पळत आलेली बाई, तयार डॉक्टर, भरलेली औषधांची कपाटं, आणि कागदही होता हो! होता, आणि दवाखान्यातच होता. त्याच ‘प’च्या दुसऱ्या खणात, ‘त’मध्ये, लाल दोऱ्यासकट. कागद शोधताना द्रौपदाबाईची बोटं त्याच्या शेजारून गेली होती.

तोताराम ओरडला नाही, रडला नाही. तो मागच्या अंगणात कडुनिंबाखाली जाऊन बसला आणि पोलीस पंचनामा करून गेले तरी तिथेच बसून राहिला. बाहेरची ओळ पांगली.

सुरेशचंद दोन वाजता आला. झिपरूने त्याला फाटकातच सांगितलं. तो सरळ कागदांच्या खोलीत गेला. द्रौपदाबाई सांडलेली शाई पुसत होती, तीच जागा पुन्हा पुन्हा.

“किती वेळ लागला?” त्याने विचारलं.

“अकरा मिनिटं,” ती म्हणाली. “कागद होता. माहेरच्या नावाने होता.”

त्याचा विश्वास बसेना. चाळीस सेकंद त्याने स्वतः मोजले होते. त्याने सकाळच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि जमिनीवर मांडी घालून अक्षरांप्रमाणे त्यांचे ढीग लावायला बसला. बारा-तेरा बारके ढीग झाले, आणि एक ढीग ‘प’चा. एकशेअठरांपैकी एकसष्ट. त्या एकसष्टांत तेवीस बायका आखाजीला आलेल्या, म्हणजे तेवीस जणींचं नाव कागदावर एक आणि तोंडात दुसरं. तो त्या ढिगाकडे बघत राहिला. त्याचा गोरा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि द्रौपदाबाईला, राग असूनही, त्याच्याकडे बघवेना.

“मी प्रत्येक खणातले दोनच काढले होते,” तो म्हणाला. “लोक तसे येत नाहीत.”

मग तो अगदी हळू म्हणाला, की तिकडे यंत्रात असं झालं असतं तर यंत्र नुसतं थांबलं असतं. द्रौपदाबाईला वाटलं की याच्या एक थोबाडीत द्यावी, आणि त्याच वेळी असंही वाटलं की ‘नवीन’ हा शब्द काही याने लिहिला नव्हता. ती उठली, मागच्या खोलीत गेली आणि कपाटाला डोकं टेकून उभी राहिली. सुरेशचंद तिच्या खुर्चीवर जाऊन बसला. का बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. खुर्ची समोर होती, एवढंच.

साडेतीनला खिडकीशी एक बाई आली. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, चेहरा उन्हाने रापलेला, हातात पितळी डबा. निरोप मिळाला तशी घरातलं सगळं टाकून ती निघाली होती, नवरा मागच्या गाडीने येणार होता. तिने खिडकीच्या गजाला धरलं आणि आपली पोर इथे आणलीय का ते विचारलं, “भाऊ, मनी पोर आठे आनेल शे का? ताईबाई नाव शे तिनं. ताईबाई पाटील.”

सुरेशचंद दचकला. शेवंताच्या माहेरच्या नावाचा त्याला पत्ताच नव्हता, द्रौपदाबाईने ते त्याला सांगितलेलं नव्हतं. दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला असं काम सांगत होतं जे त्याला करता येण्यासारखं होतं. त्याने दिवसाचं रजिस्टर ओढलं आणि बोटाने एकेक ओळ बघत गेला. सगळे पाटील बघितले, एकही सोडला नाही.

“नाही मावशी,” तो म्हणाला. “या नावाचं आज कोणी आलेलं नाही.”

“नही ना? नीट दखा बरं, भाऊ.”

त्याने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तेवढ्याच काळजीने. नाही, म्हणाला.

बाईने गज सोडला आणि ती तिथेच पायरीवर मटकन बसली. वाटभर धरलेला श्वास तिने आत्ता सोडला असावा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती हसायलाही लागली. कोणीतरी दुसऱ्याचीच पोर असेल, म्हणाली, निरोप देणारा चुकला असेल. बिचारीची आई कोण असेल देव जाणे. आपली ताईबाई मेहरूणलाच असणार, जावई उद्या घेऊन येणार. एवढं बोलून तिने डब्याचं झाकण काढलं आणि आतली पोळी मोडून खिडकीतून आत धरली.

“ल्या भाऊ, पुरननी पोळी शे. सनना दिन शेतस.”

सुरेशचंदने हात पुढे करून ती घेतली.

मागच्या खोलीत द्रौपदाबाईला आवाज ऐकू आला होता. पहिल्या वाक्यालाच तिने तो ओळखला होता. सात वर्षांपूर्वी दोन तास हाच आवाज वॉर्डाबाहेर देवाला आळवत होता. पुढचं सगळं तिने कपाटाला टेकून ऐकलं. ती बाहेर आली तेव्हा चिंधा पाटलाची बायको डब्याला झाकण लावत होती. तिलाही बाईची ओळख पटली, आणि ती आनंदाने सरकून जागा करायला लागली.

“आक्काबाई,” द्रौपदाबाईने विचारलं, “पोरनं सासरनं नाव काय ठेयेल शे?”

“शेवंता,” आक्काबाई म्हणाली. “जवाईनी ठेवं. चांगलं शे ना?”

खिडकीच्या आत सुरेशचंद बसला होता, एका हातात पोळी, समोर रजिस्टर उघडं. सत्तेचाळिसाव्या ओळीवरून, शेवंताबाई तोताराम पाटील या नावावरून, त्याचं बोट दोनदा गेलं होतं. द्रौपदाबाई पायरीवर आक्काबाईच्या शेजारी बसली, डबा तिच्या हातातून काढून बाजूला ठेवला आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले.